मोठ्यानं वाच

औषध देणं ही साधना आहे, असं आमच्या हॉस्पिटलच्या दर्शनी भिंतीवर हातभर उंचीच्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. वाक्य ट्रस्टच्या अध्यक्षांचं होतं, त्यामुळे खाली त्यांचं नावही होतं, आणि नावाची अक्षरं साधनेपेक्षा किंचित मोठी होती. त्याच्या बरोबर खाली औषधांची खिडकी होती. खिडकीच्या आत, पाचशे तासांच्या साधनेसाठी आलेले आम्ही विद्यार्थी, बाटल्या धूत होतो.

बाटल्या पेशंटच्या असत. खोकल्याचं आणि पोटाचं औषध तिथे अजून मोठ्या बरणीतून ओतून दिलं जाई, आणि ज्याला हवं त्यानं बाटली घरून आणायची असे. लोक तेलाची आणत, मधाची आणत. एकानं देशीची आणली होती आणि ती धुऊ नका असं बजावलं होतं. हे नव्वदच्या दशकाच्या मध्यातलं सांगतोय. डी.फार्म.चं वर्गातलं शिक्षण संपलं की तीन महिने एखाद्या हॉस्पिटलात नोंदणीकृत फार्मसिस्टच्या हाताखाली काम करायचं, त्यानं सही केली की पदविका हातात, असा नियम होता. कळंबच्या जवळ, पुणे-नाशिक रस्त्याला लागून, एका ट्रस्टचं तीस खाटांचं हॉस्पिटल होतं. तिथले फार्मसिस्ट किसन भालेराव. सगळे त्यांना भाऊ म्हणत. डॉक्टर म्हणत, झाडणाऱ्या मावशी म्हणत, अध्यक्षसुद्धा म्हणत, फक्त ते भाषणात 'आपले भाऊ' म्हणत.

पहिल्या दिवशी मी आणि वैशाली नावाची एक मुलगी, दोघं त्या खिडकीमागच्या खोलीत उभे राहिलो. भाऊ पन्नाशी ओलांडलेले, सडसडीत, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावलेले. आमच्या कागदांकडे त्यांनी पाहिलंही नाही. गाव विचारलं. मी पेठ म्हणालो, ती जुन्नर म्हणाली.

"बरं. नावं कागदावर असू द्या. हितं तू पेठ, आन् ही जुन्नर."

आमच्या आधी नारायणगाव, ओतूर, घोडेगाव, खेड असे सगळे येऊन गेले होते. अर्ध्या जिल्ह्यानं त्या खोलीत बाटल्या धुतल्या होत्या. मला तो अपमान वाटला. मी पदविकेपासून पाचशे तासांवर उभा होतो. भाऊंकडे तर पदविकाच नव्हती. ते तरुणपणी वॉर्डबॉय म्हणून लागले, जुन्या कंपाउंडरच्या हाताखाली शिकले आणि जुन्या नियमानं, अनुभवाच्या जोरावर त्यांची नोंदणी झाली. नोंदणीचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत भिंतीवर होतं. रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी ते त्यावरून फडकं फिरवत.

त्यांची शिकवण एका वाक्याची होती. डबा उचलताना त्यावरचं नाव वाचायचं, गोळ्या मोजताना वाचायचं, डबा परत ठेवताना वाचायचं. हा नियम पुस्तकातही आहे. कॉलेजात आमच्या सरांनी तो वहीत उतरवून घेतला होता आणि स्वतः कधी पाळल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. भाऊंचा त्यात एकच बदल होता.

"मोठ्यानं वाच. औषधालाबी कळू दे आपलं नाव काय ते."

डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा मोठ्यानं वाचायची. त्यामुळे आमच्या खिडकीतून दिवसभर नावं ऐकू येत. रांगेतली माणसं त्याला सरावली होती. वैशालीच्या वाचण्याला एक लय होती, आणि मंचरच्या बाजूचे एक आजोबा जुन्नरच्या बाईंनी वाचलेली गोळी लवकर लागू पडते असं म्हणून तिच्या पाळीपर्यंत थांबत. माझ्याविषयी असं कुणी काही म्हटलं नाही.

दुसरं त्यांचं वेड जागेचं. कुठला डबा कुठल्या फळीवर कितवा, हे ठरलेलं. एखादा बोटभर सरकला तरी त्यांना कळायचं आणि ते तो हातानंच सारखा करायचे. बाटलीत औषध ओतताना ते दुसरीकडे तोंड करून उभे राहत. बाटली भरत आली की तिचा आवाज बारीक होतो, तो ऐकून थांबत, आणि एक थेंब सांडत नसे. गोळ्यांच्या पुड्यांचे कोपरे फाडायचे: सकाळच्या पुडीचा एक, रात्रीच्या पुडीचे दोन. डोंगराकडच्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नसे, आणि येत असलं तरी घरात उजेड नसे; बोटांना कोपरे कळत.

पुडी द्यायची त्यांची रीत तर पाहण्यासारखी होती. खिडकीतून हात बाहेर काढून ते पेशंटचा हात आपल्या हातात घेत, पुडी तळव्यावर ठेवत आणि त्याची बोटं एकेक करून मिटवत. रांग कितीही असो. यानं वेळ जातो असं मी एकदा बोललो. चहाच्या वेळी त्यांनी त्याचं कारण सांगितलं. त्यांचं गाव निमगाव सावा. लहानपणी वडिलांबरोबर दवाखान्यात गेलं की कंपाउंडर यांच्या ओंजळीत पुडी वरून टाकायचा. एकदा ती खाली पडली, फुटली, गोळ्या मातीत गेल्या. वडिलांनी त्या एकेक वेचल्या आणि घरी येऊन धुऊन खाल्ल्या.

"गोळ्या इरघळल्या राव धुताना," भाऊ म्हणाले. "पाणीच प्यायले ते."

छप्पन्न साली बाबासाहेबांनी धम्म दिला, त्यानंतर यांच्या घरानं तो घेतला. भाऊ शाळा शिकले, आणि शेवटी खिडकीच्या आतल्या बाजूला येऊन बसले. त्या जागेचं त्यांना काय वाटत असेल, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी वेळेचा हिशेब करत होतो.

अध्यक्षांना भाऊंचा फार अभिमान होता. दर वर्षी हॉस्पिटलच्या वर्धापनदिनी ते सांगत, की आपले भाऊ स्वतः कॉलेजांना पत्रं पाठवून विद्यार्थी मागवतात, एक तुकडी गेली की दुसरी, ही शिक्षणाची तळमळ आहे. पत्रं भाऊ पाठवत हे खरं होतं. दोन तुकड्यांच्या मधे आठ-दहा दिवसांचा खंड पडला तर त्या दिवसांत ते न चुकता रजेवर जात, हेही खरं होतं. ही दोन खरी वाक्यं शेजारी ठेवून पाहायचं कुणाला सुचलं नाही. मला तर मुळीच नाही.

आमचे दहा आठवडे झाले होते. भातकापणीचे दिवस. त्या दिवशी बाजार होता, त्यामुळे खिडकीवर दाटी. वैशाली रजेवर होती. मला नावं पाठ झाली होती, आणि जे पाठ आहे ते लहान पोरासारखं तीन-तीनदा वाचायचं याचा कंटाळा आला होता. त्यात रांगेच्या पलीकडे, फाटकापाशी माझे दोन वर्गमित्र मोटारसायकलवर बसून माझी वाट पाहत होते आणि माझ्या वाचनाची नक्कल करत होते.

ठकूबाई नावाची डोंगराकडची एक म्हातारी खिडकीशी आली. भात कापून हातापायांना खाज सुटली होती. डॉक्टरांनी खाजेची गोळी लिहिली होती, सकाळी एक, रात्री एक. मी फाटकाकडे पाहत हात लांब केला, नेहमीच्या जागेवरचा डबा उचलला, क्लोरफेनिरामिन म्हणालो, दहा गोळ्या मोजल्या, क्लोरफेनिरामिन म्हणालो, डबा ठेवला, क्लोरफेनिरामिन म्हणालो. भाऊंनी दोन पुड्या बांधल्या, कोपरे फाडले, म्हातारीची बोटं मिटवली.

दुपारी दीडच्या सुमाराला खिडकी बंद झाली. भाऊ फळीवरून हात फिरवत होते, तेव्हा एक सांडलेली गोळी त्यांच्या बोटांखाली आली. त्यांनी ती चिमटीत धरली, फिरवली.

"ही कुठली रं?"

मी खाजेची म्हणालो.

"खाजेच्या गोळीला मधी रेघ न्हाई." त्यांनी ती गोळी माझ्या तळव्यावर ठेवली. "तितला डबा काढ. वाच."

मी डबा काढला आणि वाचला. त्यावर मधुमेहाच्या गोळीचं नाव होतं. सकाळी सफाईच्या वेळी दोन एकसारख्या डब्यांची अदलाबदल मीच केली होती. ज्याला मधुमेह नाही त्याला ती गोळी दिली तर रक्तातली साखर उतरते, माणूस घामाघूम होतो, भ्रमतो, बेशुद्ध पडतो, आणि पोटात अन्न नसलं तर त्याच्याही पुढे जातो. परीक्षेत हे मला पाच गुणांना आलं होतं आणि पाचही मिळाले होते.

भाऊंनी माझ्या हातातला डबा काढून घेतला. मग त्यांनी विचारलं,

"सकाळी वाचलं व्हतंस, का नुसतं म्हणला व्हतास?"

"वाचलं होतं," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले.

त्यांनी डॉक्टरांना लगेच जाऊन सांगितलं. सकाळपासून खाजेची चिठ्ठी एकच होती, मधुमेहाची एकही नव्हती. ठकूबाईची वाडी घोडेगावच्या पुढे, धरणाच्या पाण्याच्या कडेनं गेल्यावर डोंगरात. तिथे फोन नव्हता, आणि हॉस्पिटलची गाडी एका बाळंतिणीला घेऊन पुण्याला गेलेली. डॉक्टरांना ओपीडी सोडून निघता येईना. भाऊंनी किलोभर साखर एका पिशवीत घातली, मला चल म्हणाले, आणि आम्ही दोनची एसटी पकडली. बसमध्ये ते एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, रागावलेत. मी त्यांच्या जागी असतो तर बोललो असतो, आणि बरंच बोललो असतो.

शेवटच्या थांब्याला उतरलो. पुढे तासाभराची पायवाट, खाचरांच्या बांधांवरून. मी पुढे निघालो. दहा पावलांवर मागे पाहिलं तर भाऊ तिथेच उभे होते, एक पाय पुढे टाकून, जमीन चाचपत.

मी परत गेलो. त्यांनी हात पुढे केला, तो आधी माझ्या छातीला लागला, मग खांद्यावर आला.

"पेठ," ते म्हणाले, "वाट वाच."

मला कळायला एवढा वेळ लागला, याची मला आजही लाज वाटते. फळीवरचे डबे, बाटलीचा आवाज, गावाच्या नावानं हाका, दोन तुकड्यांमधल्या रजा, सगळं त्या बांधावर एकदम माझ्या खांद्यावर येऊन बसलं. मी वाचू लागलो. दगड. उतार. पाणी. उजवीकडे कापलेलं भात. आता बांध अरुंद. आता चढ. ते प्रत्येक शब्दाला "हां" म्हणत. अख्खा तास मी वाट मोठ्यानं वाचत गेलो, आणि यावेळी एकही शब्द न पाहता म्हटला नाही.

उजेड होता तोवर पोचलो. ठकूबाई ओसरीत गोधडीवर पडली होती. सून सांगत होती, की सासूनं खाजेनं हैराण होऊन एसटी स्टँडवरच एक गोळी खाल्ली, घरी आल्यावर दुसरी, आणि सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नाही. आता घाम फुटलाय, बोललेलं समजत नाही, उन्हानं झालं असेल. भाऊ जमिनीवर बसले. म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं, साखरेचं पाणी करायला सांगितलं आणि बोटांनी तिचे ओठ शोधून चमच्या-चमच्यानं ते पाजू लागले. प्रत्येक चमच्यानंतर घशावर हात ठेवून गिळलं का ते बघत. मी शेजारी पेला धरून होतो. तिचं काही बरंवाईट झालं तर आपलं काय होईल, हाच विचार माझ्या डोक्यात बराच वेळ चालू होता. तिचा विचार नंतर आला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

पाऊण तासानं म्हातारीनं डोळे उघडले.

"खिडकीतलं भाऊ का तुमी?" ती म्हणाली. "हितं कसं?"

"तुझी पुडी बदलायची ऱ्हायली व्हती, आये. चुकीची दिली आमी. उरलेल्या गोळ्या दे माघारी."

"दिल्यालं औशीद माघारी घेत्यात व्हय?" असं म्हणून तिनं कमरेची चंची आणखी घट्ट धरली.

सुनेनं पेज भरवली. त्या गोळीचा अंमल लवकर उतरत नाही, म्हणून वाडीतून खाली जाणाऱ्या दुधाच्या जीपमधून आम्ही तिला हॉस्पिटलात आणलं. जीपमध्ये कुठेतरी तिनं आपण होऊन पुड्या भाऊंच्या हातात दिल्या. डॉक्टरांनी तिला दोन दिवस सलाईनवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती खरी खाजेची गोळी घेऊन घरी गेली.

आणि त्याच दिवशी भाऊ डॉक्टरांसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, माझे डोळे तपासा. मी दाराशी उभा होतो. डॉक्टरांनी उजेड टाकून पाहिलं, बोटं दाखवली. काचबिंदू. सात-आठ वर्षांचा तरी असावा. आधी कडांचं दिसणं जातं, मग वर्तुळ लहान होत होत येतं, दुखत काहीच नाही. गेलेलं परत येत नाही, पण वेळेवर कळलं तर थेंब घालून उरलेलं राखता येतं. ते थेंब आमच्या तिसऱ्या फळीवर डावीकडून चौथे होते. आठवड्यातून एकदा तरी वैशाली ते मोठ्यानं वाचून भाऊंच्या हातात देई आणि भाऊ ते कुणाच्या ना कुणाच्या तळव्यावर ठेवून बोटं मिटवत. हॉस्पिटलात दर हिवाळ्यात डोळ्यांचं शिबिर होई. त्यातही औषधं भाऊच वाटत. स्वतःचे डोळे त्यांनी कधी दाखवले नाहीत, कारण दाखवले असते तर कागद ऑफिसात गेला असता, आणि ज्याला दिसत नाही त्याला औषधाच्या खिडकीत कोण ठेवणार?

डॉक्टरांनी त्यांना चुकीविषयी विचारलं. ते म्हणाले, "पोरानं काढलेला डबा मी बघाया पायजे व्हता. माजं काम व्हतं ते."

मी दाराशी उभा होतो, आणि उभाच राहिलो.

वैशाली म्हणाली, मला त्यांच्या डोळ्यांची आधीपासून शंका होती. घडून गेल्यावर सगळ्यांनाच आधीपासून शंका असते.

माझे पाचशे तास भरले. प्रमाणपत्रावर भाऊंची सही हवी होती. तो त्यांचा खिडकीतला शेवटचा आठवडा. मी कागद समोर ठेवला. त्यांनी पेन काढलं आणि म्हणाले, काय लिवलंय ते वाच. मी वाचू लागलो: सदर विद्यार्थ्याने या रुग्णालयात नियमितपणे व प्रामाणिकपणे प्रशिक्षण पूर्ण केले. 'प्रामाणिकपणे' या शब्दावर मी थांबलो. बोलायचं असतं तर ती जागा होती. मी घसा खाकरला आणि पुढचं वाचलं.

"वाचलंस ना?"

"हो."

"बोट ठेव मंग. कुटं सही करायची तितं."

मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. सही रेघेवरून निघाली, चढत चढत छापील अक्षरांवर गेली आणि 'प्रशिक्षण' या शब्दावर संपली. ते प्रमाणपत्र आजही माझ्या दुकानात आहे.

निरोपसमारंभात अध्यक्षांनी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणात त्यांनी भाऊंच्या दूरदृष्टीचा दोनदा उल्लेख केला. कुणी हसलं नाही, कारण कुणाचं लक्ष नव्हतं. भाऊंनी घड्याळ कानाशी धरलं आणि चालू आहे म्हणून मान हलवली.

मी कळंबला औषधांचं दुकान टाकलं. दोन-तीन महिन्यांतून एकदा निमगाव साव्याला जायचो. घर स्वच्छ, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी ते घड्याळ. भाऊ ओट्यावर बसलेले असत. मी आलो की पावलांवरून ओळखत आणि वर्तमानपत्र पुढे करत. त्यांच्या पत्नी रखमाबाई सांगायच्या, हे या घरात पहिल्यापासूनच आहे. सासऱ्यांना अक्षर येत नव्हतं, पण बाजारच्या दिवशी ते पेपर विकत आणायचे आणि किसनला समोर बसवून म्हणायचे, मोठ्यानं वाच. ते ऐकेपर्यंत मी समजत होतो, की भाऊंची ती प्रसिद्ध शिस्त म्हणजे न दिसणाऱ्या माणसानं शोधलेली युक्ती. तशी ती होतीच. पण वाक्य त्यांच्या बापाचं होतं, आणि त्या बापालाही ऐकूनच भागवावं लागलं होतं.

दहाएक वर्षं अशी गेली. भाऊ खंगत चालले होते, मूत्रपिंडं निकामी होत आली होती. एका दुपारी पेपर वाचून संपल्यावर मी म्हणालो, भाऊ, त्या दिवशी मी डबा वाचला नव्हता. फाटकाकडे बघत नुसतं म्हटलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो.

त्यांनी घड्याळाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

मी विचारलं, कधीपासून?

"तवाच. वाचणारा मानूस जरा अडखळतो, पेठ. डोळं फुडं जात्यात, जीब मागनं येती. तू तिन्ही येळा येकसारखा बोललास, शाळंतल्या परार्थनेगत. माजं डोळं गेलं व्हतं, कान न्हाई."

मी विचारलं, मग मला थांबवलं का नाही?

"थांबवला असता तर डबा मला हातात घ्याया लागला असता. रांगंम्होरं. आन् बघाया लागला असता." त्यांनी हातातला पेपर चौकोनी घडी करून मांडीवर ठेवला. "म्हनलं, पोरगं हुशार हाय, बरूबरच असंल. आन् म्हातारीच्या हातात दिली पुडी. बोटं मिटवली तिची मी, ह्या हातांनी."

मग ते म्हणाले, "तू दहा वरीस उगीच वागवलंस. माज्याजवळचं त्याच्यापेक्षा जड व्हतं."

रखमाबाई आतून चहा घेऊन आल्या आणि आम्ही दोघं गप्प का म्हणून त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाले, पेपरात आज काही न्हाई.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्रिसरण-पंचशील झालं, मग भाषणं. अध्यक्ष आता थकले होते, पण आले होते. भाऊंनी घडवलेले विद्यार्थी आज देशोदेशी आहेत, असं ते म्हणाले. मी मांडवात पाहिलं. खेड होतं, ओतूर होतं, पुण्याच्या कारखान्यातून जुन्नर आलं होतं, आणि मी. वैशाली माझ्या शेजारी बसली होती. वंदना म्हणताना ती अडखळली, आणि ती पुस्तकातून वाचून म्हणते आहे हे मला न बघता कळलं.

माझ्या दुकानात हल्ली दर वर्षी एक-दोन विद्यार्थी तासांसाठी येतात. मी त्यांना गावाच्या नावानं हाक मारत नाही, ते मला जमणार नाही. पण डबा तीनदा मोठ्यानं वाचायला लावतो, आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहून ऐकतो. एखादा फार सफाईनं वाचायला लागला की जातो आणि डबा हातात घेऊन बघतो. गिऱ्हाइकांना वाटतं, मालक संशयी आहे.

हॉस्पिटलनं भाऊंच्या आठवणीसाठी काहीतरी करायचं ठरवलं आणि हिवाळ्यातल्या डोळ्यांच्या शिबिराला त्यांचं नाव दिलं. दर्शनी भिंतीवर साधनेच्या वाक्याखाली आता त्यांचा फोटो आहे. शिबिराला निमगाव साव्यापासून डोंगरातल्या वाड्यांपर्यंतची माणसं येतात, काचबिंदूची तपासणी फुकट होते, थेंब खिडकीत बसून मी देतो. त्या दिवशी औषधाच्या खिडकीवर दाटी फार असते, म्हणून तिथे बसणाऱ्या माणसाचे डोळे तेवढे तपासायचे राहतात.